रुमालाखालचा भाव

पांढरकवडा,
९ डिसेंबर १९६२

प्रिय प्रभावती,

चार वर्षांनी लिहितोय. भांडायला नाही, हे आधीच सांगतो. भांडायलाही अंगात जोर लागतो. सकाळपासून कापसाच्या गाड्या तपासून डोळे चुरचुरताहेत.

तुझ्या बाबांनी तुला नागपूरहून घरी नेलं, तेव्हा बी.कॉम.ची परीक्षा अर्धी टाकून मी तुझ्यामागे निघून आलो. यवतमाळच्या एका साप्ताहिकात बाजारभावाचं सदर मिळालं. तुझ्या बाबांसारखे अडते रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून कापसाचा भाव ठरवत, आणि ज्याचा कापूस तो समोर नुसता उभा. मी ते सगळं छापलं, कोणतं बोट दाबलं की किती रुपये तेसुद्धा. तुझ्या बाबांचं, वामनरावांचं नाव घालायची गरज नव्हती. मी घातलं. त्यांनी आपल्या लग्नाला नाही म्हटलं होतं ना, म्हणून. लोकांना वाटलं, पोरगा फार धीट आहे.

त्याच लेखांवर गेल्या साली ही बाजार-निरीक्षकाची सरकारी नोकरी मिळाली. लिहिणं सोपं होतं गं. उकंडा म्हणून एक कास्तकार कापूस घेऊन येतो, तो तोंडावर म्हणतो, "सायेब, पेपरात लिवत होते तवाच तुमी बरे होते. आता नुसते कागद मांगता."

मागच्या महिन्यात वामनराव पुन्हा तसाच रुमालाखाली सौदा करताना माझ्याच हाती सापडले. परवाना रद्द करा, अशी शिफारस मलाच लिहायची होती. तीनदा लिहिली, तीनदा फाडली. या खेपेला त्यात माझा जुना राग नको होता.

परवा ते ऑफिसात आले. बसले नाहीत. म्हणाले, "जावईबापू, कायले ताणून राह्यले? कागद दाबून टाका, माघात पोरीचं लगन लावून देतो." हाच शब्द ऐकायला मी चार वर्षं झुरलो. मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि त्यांच्यासमोरच शिफारशीवर सही केली.

आता ते घरी सांगतील, डोम्यानं तुले नाकारलं. म्हणून हे पत्र. ‘नाही’ मी त्यांना म्हटलं, तुला नाही. तुला तर अजून कुणी विचारलेलंच नाही, त्यांनी नाही आणि मीही नाही. परवाना जाईल, तुमच्या घरात माझं नाव निघणार नाही, हे ठाऊक असून आज विचारतो. येशील?

थकलेला, तरी तुझाच,
डोमाजी