धाकटीने मिळवलेलं घड्याळ

३ मार्च, मंगळवार
लिलावाचं पुस्तक आलं. मधल्या पानावर कधीचं शोधत होते ते जुनं घड्याळ! तांबूस तबकडी, निळे काटे, पट्टा बसतो त्या चारही टोकांच्या कडा अजून धारदार. म्हणजे इतक्या वर्षांत कोणा शहाण्याने पॉलिश केलेलं नाही. असलं माझ्याकडे नाही. कोणाकडेच नाही म्हणा. खालची माहिती अक्षरं लावत लावत वाचली. हे मी घेणार.

५ मार्च, गुरुवार
धाकट्या जावेचा फोन. "ताई, यंदा मीपण येते हं लिलावाला!"
ये बाई. मी पडदे बदलले की आठ दिवसांत हिच्या खिडकीला तसलेच. मी घड्याळं जमवते, तर आता हिलाही घड्याळं हवीत. हिच्या दोन पदव्या, माझं शिक्षण चौथीत आटोपलं. घरात काही विचारायचं तर सगळे तिला विचारतात. घड्याळांच्या लोकांत मात्र मला खुर्ची देतात. "ताई, जरा बघून सांगा" म्हणतात. तेवढी एकच तर जागा माझी आहे—तिथेही ही टपकली!

७ मार्च, शनिवार
गेलं! तिने नेलं!
मी माझ्या आकड्याला थांबले. ही आपली बोलीची पाटी वर करून बसलेली, बस थांबवावी तशी. हातोडा पडला तर म्हणते, "अय्या, मलाच मिळालं?" अय्या म्हणे! बरोबर आणलेली माझी नात परत जाताना हिच्या गाडीत बसली. "छोटी आजी काय भारी आहे ना!"
हो. फार भारी.

८ मार्च, रविवार
घास उतरला नाही. सुनेला सांगितलं, पित्त झालंय. खोटं नाही तसं.

१२ मार्च, गुरुवार
धाकटी घड्याळ घेऊन आली. साध्या रुमालात गुंडाळून! "पहिलं तुम्हालाच दाखवते, ताई."
भिंग लावून बघितलं. खोट शोधली. फार शोधली. एक सापडेल तर शपथ!
मग तीच म्हणाली, "जरा मळकट दिसतं ना? ओरखडेपण आहेत. पॉलिश करून घेऊ का?"
माझा हात थांबला. पॉलिश करायचं म्हणजे धातू घासायचा. कडा एकदा गोल झाल्या की झाल्या, देव आला तरी परत येत नाहीत. घड्याळाचं रूपही गेलं आणि मोलही. आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. हिला ठाऊक नाही. पदव्यांत शिकवत नसतील.
मी भिंग पुसलं. सावकाश पुसलं. म्हटलं, "घे ना करून. नव्यासारखं चमकेल."
"तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला!"
हसत गेली.

१३ मार्च, शुक्रवार
फोन करावा का? पॉलिश नको करूस म्हणावं?
नाही केला.

१५ मार्च, रविवार
पश्चात्ताप बिश्चात्ताप काही नाही. दया येते ती घड्याळाची. त्या बिचाऱ्याने कोणाचं काय वाईट केलं होतं?

२१ मार्च, शनिवार
नात म्हणाली, छोटी आजीने घड्याळ घड्याळजीकडे टाकलं. आमच्या सगळ्यांचा तो एकच घड्याळजी. तोंडातून शब्द म्हणून काढत नाही, सांगाल ते करून देतो. म्हणजे झालंच काम. आज पोटभर जेवले. सून म्हणाली, "पित्त बरं झालं वाटतं!"

२९ मार्च, रविवार
आज आमच्यातल्याच एका डॉक्टरांच्या घरी आम्हा घड्याळवाल्यांची बैठक. धाकटी मनगटावर तेच घालून आली. हात टेबलावर ठेवला—कडा जशाच्या तशा! धारदार!
ती सगळ्यांना सांगत होती, "मी पॉलिशला दिलं होतं हो! घड्याळजी हातच लावेना. कधी न बोलणारा माणूस, म्हणाला, तुम्हाला हे सांगणारा एक तर अडाणी असेल, नाही तर तुमचा वैरी."
सगळे हसले. मीपण हसले.
"पण सांगितलं कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.
धाकटीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आमच्या ताईंनी. त्यांना कुठलं ठाऊक असणार!"
डॉक्टरांचा विश्वास बसेना. "ताईंना? पॉलिशचं ठाऊक नाही?"
सगळ्या माना माझ्याकडे. ठाऊक होतं म्हणावं, तर मी वैरी. भर बैठकीत, घरच्या जावेची!
"नव्हतं ठाऊक," मी म्हटलं.
एकाने नवीन घेतलेलं घड्याळ दाखवायला म्हणून माझ्यापुढे डबी ठेवली होती. ती त्याने हळूच उचलली आणि धाकटीपुढे सरकवली. "तुम्हीच जरा बघून सांगा."

३० मार्च, सोमवार
काल एक लिहायचं टाळलं. निघताना जिन्यात धाकटीने माझा हात धरला. मला वाटलं, पायऱ्यांसाठी. कानाशी येऊन म्हणाली, "ताई, अडाणी की वैरी, दोन्हींतलं हलकं होतं ते दिलं तुम्हाला."