भाऊजी झोपलेत

ती. मामांना वाकून नमस्कार.

माझं आयुष्य बदललं ते लाँड्रीच्या काउंटरवर, जेव्हा तिथल्या मुलीने माझ्या भाच्याच्या स्वेटरच्या खिशातून एक जिवंत गोगलगाय काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "ही पण धुवायची का?" त्या क्षणाआधीचा मी आणि नंतरचा मी ही दोन वेगळी माणसं आहेत. आधीच्याला तुम्ही ओळखता, आणि त्याच्याविषयी तुम्ही घरी काय काय बोललात तेही माझ्या कानावर आलंय. हे पत्र नंतरच्याचं आहे.

पण आधी विचारायचं ते विचारतो. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचं दातांचं काम उरकलं का? (नमस्कार वाकून लिहिला तो केवळ रीत म्हणून नाही. पाठ खरोखरच सरळ होत नाहीये, कारण ताईचा धाकटा सध्या माझ्या पाठीवरच राहतो. त्याला मी गाठोडं म्हणतो. गारवा पडायच्या आधीच त्याच्यावर इतके कपडे चढवतात की ठेवाल तिथे लवंडतो.) इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे दमलेले आहेत. या घरात ठीक असणं आणि दमलेलं असणं यांत कोणी फरक करत नाही. मी स्वतः मामाचं काम करायला लागल्यापासून तुमच्याबद्दलचा आदर मात्र फार वाढलाय. आम्ही लहान असताना सुट्टीत आमच्याकडे आलात की तुम्ही तोंडावर वर्तमानपत्र घेऊन का पडून असायचात, ते आता कळलं.

"ताईकडे जाऊन राहा, हवापालट होईल, डोकं थंड होईल," असं म्हणून तुम्ही मला इथे धाडलंत. कॉलेज मी एका मुलीपायी सोडलं अशी जी बातमी नातेवाइकांत फिरतेय ती साफ खोटी आहे. मी ते तत्त्वासाठी सोडलं. (मुलगी होती. पण ती तत्त्वाच्या शेजारच्या बाकावर बसायची, एवढाच संबंध.) असो. डोकं थंड करायला तुम्ही जे घर निवडलंत त्या घरात मोठ्याने बोलायला बंदी आहे, हे मला आधी सांगायला हवं होतंत.

कारण असं की भाऊजी बेकरीत रात्रपाळीला असतात. गाव पाव खायला बसतं तेव्हा ते घरी येतात, भुवयांवरचं पीठही न झटकता आडवे होतात आणि दुपारपर्यंत झोपतात. तोवर अख्खं घर कुजबुजतं. कुकर लावत नाहीत, खुर्ची ओढत नाहीत, उचलतात. गाठोडं पडलं की आधी भाऊजींच्या खोलीच्या दाराकडे बघतं आणि मग तोंड पूर्ण उघडून, जराही आवाज न करता रडतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं घशात काही अडकलं, म्हणून मी त्याला पाय धरून उलटं केलं. (ते त्याला इतकं आवडलं की आता ते मुद्दाम पडतं.) माझ्यासारख्या माणसाने अशा घरात संतापायचं कसं? "मी हे मुळीच खपवून घेणार नाही" हे वाक्य कुजबुजून बघा, मामा. चहात साखर किती असं विचारल्यासारखं वाटतं. ताईशी माझी रोज कडाक्याची भांडणं होतात आणि लांबून बघणाऱ्याला वाटत असेल, बहीणभाऊ किती गुलूगुलू बोलतात.

ताईचंही काही खरं नाही. ती पाणीखात्यात फोनवर तक्रारी ऐकते. दिवसभर लोक तिच्या कानात नळ, गळती आणि तिचे पूर्वज यांच्याविषयी ओरडत असतात, आणि ती "आपली तक्रार नोंदवली आहे" असं गोड आवाजात म्हणत असते. घरी आल्यावर तो आवाज लगेच उतरत नाही. परवा मी तिला सांगितलं की मी माणूस आहे, मलाही मन आहे. ती म्हणाली, "आपली तक्रार नोंदवली आहे," आणि हातात मोजा धरून बसल्या बसल्या झोपली. मोजा गाठोड्याचा होता. दुसरा कुठे गेला ते अजून कोणाला माहीत नाही.

त्यात शाळेला पानगळीची सुट्टी लागली. ताईने कुठेतरी वाचलंय की माणसाच्या सगळ्या सुखाच्या आठवणी याच वयात तयार होतात, तेव्हा सुट्टीत मुलांबरोबर रोज काहीतरी करायचं. आता ताई ऑफिसात, भाऊजी गादीवर, म्हणजे मुलांच्या आठवणी तयार करायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. रोज सकाळी दोघांना बागेत न्यायचं आणि भाऊजी उठेपर्यंत बाहेर ठेवायचं. मी पानांचे ढीग केले, त्यांत उड्या मारू दिल्या, पुन्हा ढीग केले. माळी येऊन बघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने खराटा माझ्यासाठीच बाहेर काढून ठेवला होता.

थोरली भाची सहा वर्षांची आहे आणि तिला मी फौजदार म्हणतो, कारण ती बोलत नाही, जबानी घेते. तिला शाळेसाठी पानं वाळवून वहीत चिकटवायची होती. मी सांगितलं, पानं सपाट व्हायला एखाद्या जड वस्तूखाली ठेव. तिने घरभर फिरून सगळ्यात जड वस्तू शोधली आणि ती गादीवर झोपलेली होती. मग ओली पानं, मातीसकट, तिने एकेक करून चादर आणि गादी यांच्या मधे सरकवली. भाऊजी इतके दमलेले की त्यांना काही टोचलंदेखील नाही. उठले, कामावर गेले, आणि तिथे गरमीने सदरा काढल्यावर सगळ्या बेकरीने पाहिलं की त्यांच्या पाठीवर एक पान उमटलंय, शिरांसकट. घरी आल्यावर भाऊजी मुलीला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाठीवर अजून जागा शिल्लक आहे, उद्या लाव."

तर मामा, ती चादर घेऊन मी लाँड्रीत गेलो, आणि बरोबर तो गोगलगायीचा स्वेटर. गोगलगायीचं वर सांगितलं. चादर काउंटरवरच्या त्या मुलीने उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "हे डाग नकोत काढायला. छान उमटलंय." मला आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोलून दाखवलंय, पण आमच्या घाणीत कोणाला काही छान दिसलं नव्हतं. त्यानंतर मी रोज गेलो. रोज न्यायला कपडे कुठून आणायचे हा प्रश्न पहिल्या दिवशीच सुटला. गाठोड्याला चिखलाकडे तोंड करून खाली ठेवायचं, बाकीचं ते बघतं. ताईला वाटलं, भाऊ जबाबदार झाला. तिने शेजारणीला कौतुकाने सांगितलंही. (कुजबुजत.)

मग एके दिवशी पावती फाडता फाडता ती म्हणाली, "रविवारनंतर कपडे माझ्या काकांकडे द्या. मी नसेन." दुसऱ्या गावी कापड रंगवायचं काम शिकायला चाललीय. पानांवरून रंग घ्यायचाही एक प्रकार असतो, तोही शिकणार. मी "अरे वा" म्हटलं आणि घरी येऊन कुजबुजत एक थाळी आपटली.

त्याच आठवड्यात भाऊजींना एक सुट्टी मिळाली, म्हणून अख्खं कुटुंब तळ्यावर गेलो. या घरातली सगळी माणसं दिवसाउजेडी एकत्र जागी आहेत असा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला आणि तो फार टिकला नाही. चटई अंथरली, डबा उघडला आणि भाऊजी झोपले. त्यांच्या खांद्यावर ताई झोपली. फौजदार ओठांवर बोट ठेवून तळ्यावरच्या बदकांना गप्प करत होती. मी दोघांच्या अंगावर माझा कोट टाकला आणि तिथे बसून ठरवलं की आपण बोलून टाकायचं. ही दोघं इतकी दमून एकमेकांना टेकतात, म्हणजे टेकण्यात काहीतरी असणार.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत गेलो. मागे रांग होती, मशिनं धडधडत होती. मी तिला जे सांगायचं ते सगळं सांगितलं. पण मामा, इतके दिवस त्या घरात राहून माझा आवाजच गेलाय. मी सगळं कुजबुजत बोललो. ती म्हणाली, "काय? मोठ्याने बोला." मी पुन्हा कुजबुजलो. तेव्हा फौजदार स्टुलावर चढली आणि, बाहेर बंदी नसल्यामुळे, खणखणीत आवाजात म्हणाली, "मामा म्हणतोय, तू त्याला आवडतेस. तू जाऊ नकोस. जायचंच असेल तर त्याला पत्ता दे. आणि त्याने कॉलेज सोडलंय." (शेवटचं मी म्हटलं नव्हतं. ती तिची भर.) रांग हसली. एका आजोबांनी "बोल रे, बोल" असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी जिथे दुखतं तिथे. मी पावती न घेता बाहेर आलो.

तेव्हा मामा, या घरात मी आता राहू शकत नाही. ताबडतोब येऊन मला घेऊन जा. मी पुन्हा कोणावर प्रेम करणार नाही. मामींना नमस्कार.

आपला भाचा

ता. क. एक सांगायचं राहिलं. ती हसली नाही. पावती द्यायला ती माझ्यामागे बाहेर आली आणि म्हणाली, "कॉलेज का सोडलं ते सांगा. आज नको. रविवारी सकाळी दुकान बंद असतं, मी तळ्यावर असेन. एकटे या, दुभाषी नको." तेव्हा वरचा न्यायला यायचा मजकूर रद्द समजावा. तुम्ही रविवारी सकाळी लवकर या आणि भाऊजी उठेपर्यंत मुलांना सांभाळा. ताईची रविवारी ड्यूटी आहे आणि भाऊजींची शनिवारची पाळी सगळ्यात जड असते, त्यांना उठवणं माणुसकीला धरून नाही. हे पत्र भाऊजींच्या ओळखीच्या पावाच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतोय, तो तुमच्या बाजूला रोज येतो.

ता. क. गुडघा दुखत असला तरी या. गाठोड्याला उचलायचं नाही, नुसतं लवंडवायचं.

ता. क. रविवार सकाळ. काल गाडीवाल्याने हे पत्र पावाच्या रिकाम्या ट्रेंबरोबर तसंच परत आणलं. "द्यायचं राहून गेलं," म्हणाला. तेव्हा तुम्ही येणार नाही, हे मला कालच कळलं. आज मी मुलांना उठवलं, कपडे घातले, रोजच्यासारखं बागेत जायला निघालो. मनात म्हटलं, संपलं. भाऊजी नुकतेच कामावरून आले होते. मला वाटलं आडवे झाले. तर ते खोलीच्या दारात उभे, भुवया पांढऱ्या. म्हणाले, "आज तळ्यावर जायचंय ना तुला?" मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? "तिचे काका आमच्याकडून पाव नेतात. बेकरीत पैजा लागल्यात. जा तू, मुलं मी बघतो." हे सगळं ते मोठ्याने बोलले, मामा, नेहमीच्या माणसाच्या आवाजात, या घरात, सकाळी. गाठोडं दचकलं आणि मग हसायलाच लागलं. फौजदारने ओठांवर बोट ठेवलं आणि बापाला म्हणाली, "हळू बोला. बाबा झोपलेत."

भाऊजी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेत. दोघं त्यांच्या अंगावर चढलीयत. डोळे मिटतात, मग ते स्वतःलाच चिमटा काढतात, आणि माझ्याकडे बघून विचारतात, अजून गेला नाहीस? कॉलेज का सोडलं याचं उत्तर मी रात्रभर जुळवलं. मी बरोबर होतो यात शंकाच नाही, फक्त ऐकताना तसं वाटत नाही. बघू. उठतो, हे पाकिटात घालतो, जोडे घालतो, आणि बाहेर पडून दार लावून घेतो.