मायच्या घागरीतलं पाणी

माय, आज आखाजी, पितरांना पाणी द्यायचा दिवस. घागर भरून झाली, पुरणपोळ्या झाल्या, सगळे जेवून आडवे झाले आणि मी खिडकीपाशी तुला लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला, उगाच हसू नकोस. सकाळी घरात जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगू? मी यंदाही बापाचं नाव घेतलं नाही.

विषय तुझ्या नातवानं काढला. सुरतेबाहेर पलसाण्याला डाइंग मिलमध्ये रात्रपाळी करून आला होता, डोळे तांबारलेले. तरी अंघोळ करून त्यानंच मातीची घागर मांडली, वर लोटा, लोट्यावर खरबूज, दोन सांजोऱ्या, आंबा. या फ्लॅटला उंबरठा नाही, म्हणून गेलेल्या माणसांच्या नावानं कुंकवाची बोटं आम्ही पाटावरच ओढतो. सासऱ्यांचं बोट झालं, सासूबाईंचं झालं. तुला मुलगा नाही, म्हणून तुझं बोटही माझ्याच घरी. तुझ्या जावयांनी त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही. तुझं नाव घेतलं आणि पोरगा म्हणाला, "मम्मी, आता आजोबांचं पण घेऊन टाक ना. ज्याचं नाव घेतो त्यालाच पाणी पोचतं म्हणतेस. मग ते एकटेच तहानलेले? सारू लागे का असं?" बरं दिसतं का, असं त्याच्या गुजरातीत. तो काही वावगं बोलला नाही गं. पण माझं बोट कुंकवात तसंच राहिलं.

असंच तुझं राहायचं. मी लहान आहे, गावच्या घराच्या उंबरठ्याशी उकिडवी बसले आहे, आणि दारात भाऊबंद उभे. दरवर्षी तेच. "किती दिवस वाट पाहशील? सुरतला लूमवर जातो, पेरणीला येतो म्हणून गेला, आला का? नाव घे, म्हणजे त्यालाही गती आणि तूही सुटलीस." तू पदर डोक्यावर ओढून घेतेस आणि एवढंच म्हणतेस, "मना हातघाई मारू का त्याले?" माझ्या हातानं मारू का त्याला! मग ते एकेक करून निघून जायचे. ते गेल्यावर मात्र तू चुलीपुढे बसायचीस आणि पोळी करपायची. तुझी पोळी एरवी कधी करपत नसे.

त्या पेरणीला तो आला नाही. तेव्हा तूच बैल जुंपलेस. बाईनं औताला हात लावला तर पाऊस रुसतो म्हणे! बांधावर बाप्ये उभे राहून तमाशा पाहत होते. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तू पेरणीची पाभर हाकलीस आणि मला तिच्या चाड्यावर बियाण्याची मूठ धरायला लावलीस. मी घाबरून दाणे मुठीत आवळून धरले, तर केवढ्यानं ओरडलीस माझ्यावर. "मूठ सैल सोड! बापासारखी हात आखडू नको." ओरडलीस आणि मग स्वतःच जीभ चावलीस, कारण बापाची निंदा तू मला कधी करू दिली नव्हतीस. ज्वारी उगवली. पाऊस काही रुसला नाही. पुढं सगळी वर्षं तूच पेरलंस, कापलंस, खळं केलंस, एका बैलाला साप चावला तेव्हा रडलीस आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा बैल मागून आणलास. कपाळावरचं कुंकू मात्र एक दिवस चुकलं नाही. बायका मागून कुजबुजायच्या. ज्याचं जळतं त्याला कळतं, त्यांना काय!

माझ्या बाळंतपणाला तू सुरतला आलीस, ती एकदाच. तेव्हा आम्ही पर्वत पाटियाच्या मागे एका खोलीत राहायचो. बाळ चार दिवसांचं, आणि तू रोज संध्याकाळी अर्धा अर्धा तास गायब. एके दिवशी जावई तुला शोधायला निघाले, तर तू कारखान्याच्या फाटकासमोर उभी, पाळी सुटलेल्या माणसांच्या तोंडाकडे एकेक करून पाहत. म्हाताऱ्या हमालांच्या, हातगाडीवाल्यांच्यासुद्धा. तेही तुझ्या शेजारी जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणालीस, "भाजी लेवाले गयथू." म्हणे भाजी घ्यायला गेले होते! पिशवी रिकामी होती. माय वं, मी तेव्हा तुला जवळ घ्यायला हवं होतं, पण आपल्यात तशी रीत कुठं होती?

तू गेलीस तेव्हाही वाद. हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं? नवरा जिवंत की मेलेला हेच कुणाला माहीत नाही. मी ठणकावून सांगितलं, माझी माय सवाष्ण गेली. ओटी भरली, मळवट भरला. इतकी सुंदर दिसत होतीस की मला राग आला त्याचा, त्या माणसाचा, की हे बघायलाही आला नाही.

सकाळी पोराला म्हटलं, "तुझी आजी कधी नाव घेऊ द्यायची नाही, मीही घेणार नाही." त्यानं विषय सोडला. तुझं नाव पुढं केलं की या घरात सगळेच माघार घेतात. मग मी काय केलं माहीत आहे? घागर काठोकाठ भरली, पाणी पाटावर सांडेपर्यंत, आणि मनात म्हटलं, माय, तो तिथं तुझ्याजवळ असला तर यातलं तूच त्याला दे. आमच्यापेक्षा तुला जास्त माहीत. पाण्याला तू कधी कुणाला नाही म्हटलं नाहीस.

पण एक सांगू? तुझा पत्ता असता, तरी हा कागद मी टपालात टाकला नसता. तू खरं बोलणारी बाई, लगेच उत्तर धाडशील. आता माझी सून मला म्हातारी म्हणते, गुडघे धरून उठते मी. आणि तुझं उत्तर आलं, "तो केव्हाचाच इथं माझ्याजवळ आहे," तर माझा बाप मेला ना गं आजच.