मलमपट्टीचं टेबल कोणत्या काठावर

मी, शालिकराम योहान खंडारे, वय अडुसष्ट, पूर्वीचा धंदा कंपाउंडर, सध्या काही नाही, राहणार पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा, आज रविवारी उपासना आटोपल्यावर, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. अक्षर थरथरते आहे ते पोटातल्या दुखण्यामुळे. त्यावरून कोणी माझ्या डोक्याविषयी शंका घेऊ नये. संध्याकाळच्या गाडीने मला ऑपरेशनसाठी नागपूरला नेणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही." सगळी उमर मी डॉक्टरांच्या हाताखाली काढली आहे. हे वाक्य ते कधी म्हणतात ते मला ठाऊक आहे.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःला 'प्रभूचा नम्र सेवक' असे लिहिले होते. ते वाचून मलाच शरम आली.

कलम पहिले. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझी पत्नी देवकाबाई हिला. तिच्या पश्चात आमची मुलगी पुष्पा, लोधीखेडा, हिला. जावईबापूंनी मागच्या खोलीत खताची पोती ठेवू नयेत. हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत मला कधी झाली नाही, म्हणून मेल्यावर सांगतो आहे.

कलम दुसरे. बाजाची पेटी आमच्या चर्चच्या मंडळीला. ती आजवर माझीच होती, मंडळीची नव्हे. कमिटीचे सेक्रेटरी भगवंतराव दर नाताळात तिला 'आपली पेटी' म्हणत आणि मी गप्प बसे. आता खरोखर आपली झाली. त्यांनी खुशाल म्हणावे.

कलम तिसरे. चिमटे, कात्र्या, इनॅमलचे ट्रे, अवजारे उकळायचा पितळी स्टो आणि घडीचे टेबल, हे सारे देवकाबाईला. बाईमाणसाला कंपाउंडरची हत्यारे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझीच लाज वेशीवर टांगावी लागते. तशी ती टांगलेलीच आहे, साऱ्या बाजाराने पाहिली आहे. फक्त कागदावर यायची राहिली.

आमच्या मंडळीच्या मिशन कमिटीचा मी गेल्या सालापर्यंत वीस वर्षे अध्यक्ष होतो. कोणते काम आधी, कोणते मागून, हा क्रम मी लावायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात; त्या गोटमारीत जखमी होणाऱ्यांची मलमपट्टी करायची, हे काम मीच यादीत पहिले घातले. दरसाल जाम नदीच्या आपल्या काठावर आमचा तंबू लागे आणि मी टेबलामागे पांढरा कोट घालून उभा राहत असे. कोटाची इस्त्री मी स्वतः करी. एका साली टिंक्चर कमी पडले, तेव्हा मी तंबूबाहेर पाटीवर खडूने लिहिले: 'पांढुर्ण्याचे आधी.' पुढच्या साली टिंक्चर भरपूर होते, तरी पाटी लागली. मग ती लागतच गेली.

देवकाबाई सावरगावची लेक. ती दरसाल विचारायची, "माह्या माहेरच्याइले कोन पट्टी बांधते हो?" मी म्हणायचो, "पूल आहे ना, येतील." गोटे बरसत असताना पूल ओलांडून कोण येतो? पण वर्षभर 'शेजाऱ्यावर प्रीती करा' सांगणाऱ्या माणसाला हे कधी सुचले नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गेल्या साली एकजण आलाच. दादाराव, सावरगावचा शेतमजूर, बौद्ध समाजाचा. डाव्या डोळ्यावर पागोट्याचा बोळा धरलेला आणि बायको जयवंता त्याला दंडाला धरून आणत होती. तो स्वतः गोटे मारत होता, तेव्हा बिचारा वगैरे मी लिहीत नाही. पण रक्त कोपरापर्यंत आले होते. बाकावर आपल्याकडचे चार-पाच होते. कोणाचा गुडघा सोललेला, कोणाचा अंगठा ठेचलेला. मी पाटीकडे बोट दाखवले आणि म्हणालो, "बसा तिकडे, नंबर येईल."

जयवंता म्हणाली, "साहेब, डोया हाय तो."

मी म्हणालो, "बाई, सगळ्यांनाच लागलं आहे."

एवढ्यावर भागले असते तरी पुरे होते. इतक्यात नदीतून एकच गलका उठला. मधोमध रोवलेला झेंड्याचा पळस आपल्या पोरांनी तोडला होता, म्हणजे आपण जिंकलो होतो, आणि झेंडा आपल्या काठाकडे येत होता. मी हातातला चिमटा टाकला आणि तंबूबाहेर धावलो. मंडळीचा पंच, योहान मास्तरांचा मुलगा मी, दोन्ही हात वर करून 'चंडी माता की जय' असे ओरडलो. माझ्याच तोंडातून निघाले ते! जित्याची खोड म्हणतात ती हीच. ख्रिस्ती असलो तरी पांढुर्ण्याचा, आणि झेंडा आला की माझे रक्त अजून उसळते. परत आलो तर दादाराव बाकावरून खाली सरकला होता आणि देवकाबाई त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी डोळा काढला. आधी आणले असते तर वाचला असता का, असे मी विचारले. ते म्हणाले, "आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं."

पुढे मंडळीची सभा भरली आणि माझ्यावर ठपका आला. कशाबद्दल? जयजयकाराबद्दल! भगवंतराव उभे राहून म्हणाले, "शालिकरामजींनी आपल्या ख्रिस्ती साक्षीला बट्टा लावला." मी हात जोडून क्षमा मागितली. मंडळीने मोठ्या मनाने क्षमा केली, गीत झाले, चहा झाला. दादारावाचे नाव कोणी घेतले नाही. मीही घेतले नाही. त्या चहाची लाज मला डोळ्यापेक्षा कमी वाटत नाही.

कलम चौथे. पोस्टातील माझी सर्व बचत. ही मी मिशनकामाला देणार हे मी वेदीपुढे बोललो होतो आणि कमिटीने त्यावर ठरावही केला: आधी कंपाउंडची भिंत, मग लाउडस्पीकर, मग गोंडांच्या वाड्यांवर सुवार्तेचे दौरे, आणि उरले तर मलमपट्टी, तीही याच काठावर. सावरगावच्या काठावर दुसरे टेबल लावू, असे मी सुचवले. भगवंतराव म्हणाले, "तिथं आपलं एकही घर नाही. टेबल कोणासाठी?" या प्रश्नाचे उत्तर रविवारच्या शाळेतले पोर देईल. कमिटीत कोणी दिले नाही.

सौंसरच्या वकिलांना विचारले. ते म्हणाले, ख्रिस्ती माणसाने धर्मादायाला लिहून ठेवले तर त्याने पुढे निदान बारा महिने जगायला हवे, नाहीतर जवळचे वारस असताना ते दान टिकत नाही. बारा महिन्यांची हमी माझे पोट देत नाही. म्हणून ही सर्व बचत मी देवकाबाईच्या नावे करतो. तिने ती मिशनकामाला लावावी आणि क्रम असा ठेवावा: पहिले, सावरगावच्या काठावर कलम तिसऱ्यातले टेबल, येत्या पोळ्यापासून. दुसरे, आपल्या काठावरचे. तिसरे, गोंडवाड्यांवर औषधाची पेटी. भिंतीला दमडी नाही.

पाटीवर काय लिहायचे तेही मी लिहिले होते: 'सावरगावचे आधी.' वाटले, फिट्टमफाट होईल. देवकाबाईने वाचले आणि म्हणाली, "वा रे वा! खाटेवर पडल्या पडल्या अजून गोटमारच करून राहिले का तुमी? ज्याले जास्त लागलं तो आधी. त्याले पाटी कायले लागते?" म्हणून ते वाक्य खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

कलम पाचवे. लोधीखेड्याच्या रस्त्यावरचा माझा संत्र्याचा बगीचा, विहिरीच्या हिश्श्यासह, दादाराव, राहणार सावरगाव, याला. एका डोळ्याने फांदीचा अंदाज येत नाही, म्हणून तोडणीच्या कामाला त्याला कोणी बोलावत नाही. हे दान नाही. याला काय म्हणावे ते मला कळत नाही, म्हणून नुसते 'याला' लिहिले आहे. देवकाबाई आणि पुष्पा यांची संमती घेतली आहे. पुष्पा रडली, पण हो म्हणाली.

कलम सहावे. दफनाच्या वेळी भाषणे नकोत. कोणी 'सेवाभावी' शब्द वापरला तर पाळकसाहेबांनी त्याला खाली बसवावे.

कलम सातवे. हे कलम आता, सर्वांदेखत लिहितो आहे. साक्षीदार म्हणून रविवारच्या शाळेच्या शिक्षिका सुधाबाई आणि भगवंतराव ठरले होते. कलम पाचव्यातला माणूस समोर असावा म्हणून देवकाबाईने दादाराव आणि जयवंता यांनाही बोलावून घेतले. ते दाराशी उभे राहिले. बसा म्हटले तरी बसेनात. सुधाबाईंनी मजकूर मोठ्याने वाचला. चौथे कलम संपताच भगवंतरावांनी टोपी घातली. "शालिकरामजी, मंडळीचा पैसा तुमी नदीपार फेकून राहिले," म्हणाले आणि निघून गेले.

पाचवे कलम वाचून झाले. मी म्हणालो, एक साक्षीदार कमी पडला, शेजारच्या पुंडलिकरावांना हाक मारा. तेव्हा दादाराव खाटेजवळ आला.

"कायले हाक मारता? मी हावो नं. मले लिहिता येते."

मी त्याला समजावले. आमच्या कायद्यात जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. लिहिलेले असले तरी जाते.

"म्हंजे सही केली तं बगीचा गेला?"

"गेला."

"अन् आमच्या काठावरचं टेबल?"

"ते राहते."

"मंग आना पेन."

मी जयवंताकडे पाहिले. वाटले, ही तरी अडवील, घरात खाणारी तोंडे आहेत. ती म्हणाली, "बगीचा घेतला तं साऱ्या जल्माचं लोक म्हनतीन, डोया इकला. करू द्या त्याइले सही." मी हात जोडले. आयुष्यात बरेचदा जोडले आहेत, पण आज ते कोणाला दाखवायला नव्हते. दादाराव म्हणाला, "हात कायले जोडता साहेब? पेन द्या. तुमची गाडी निघून जाईन."

पाचवे कलम मी खोडत नाही. त्याच्या सहीने ते निकामी होईल, पण वाचता यावे. माझ्या कागदावर मी त्याला काय देऊ केले आणि त्याने काय केले, हे मंडळीने वाचावे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून घेतले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: पांढुर्णा
दिनांक: ५ ऑगस्ट १९८४

(सही) शालिकराम योहान खंडारे

साक्षीदार पहिला: (सही) सुधा, शिक्षिका, रविवारची शाळा, पांढुर्णा

साक्षीदार दुसरा: (सही) दादाराव, मजुरी, सावरगाव. सही माझ्यासमोर झाली. मी पाहिली.