मेंढरामागचं कुत्रं

पंडित,

तू म्हणालास, "धनगराचं कुत्रं घरात कशाला ठेवायचं? भिवराचं लुगडं फाडलं त्यानं. मारूनच टाकतो." माझ्या लहानपणी आमच्या रानात धनगर मेंढरं बसवायचे. त्यांची कुत्री चावायची नाहीत. दरीकडे निघालेलं मेंढरू दातांनी ओढून माघारी आणायची.

काल पहाटे तुझी बायको भिवरा घागर न घेता विहिरीकडे निघाली होती. तिच्या पाठीवरचे वळ मी आज पाहिले.

तू कचेरीतून येशील तोवर मी तिला पालीला, तिच्या आईकडे पोचवलेलं असेल. कुत्रंही नेते आहे, आणि मीही तिथंच राहणार आहे. भाकरी टोपलीत आहे. तिला न्यायला येऊ नकोस. कुत्रं तुला उंबऱ्याशी येऊ देणार नाही, आणि मी त्याला आवरणार नाही.

आई