निळीच्या पिंपाची झोप

३ मार्च, सकाळ
हिने काम थांबवलं त्याला दोन ऋतू उलटले. कापड रंगवणं हा हिचा जीव. मागच्या खोलीत निळीचं मोठं पिंप आहे. त्यावर झाकण, झाकणावर वीट. आज सहज विचारलं, तर म्हणाली की पिंप दमलंय, मीही दमलेय, दोघांनाही झोपू द्या.
निश्चय: तिच्या विश्रांतीचा मान राखायचा. विषय काढायचा नाही. असं ठरवल्यावर फार बरं वाटलं. इतका समजूतदार नवरा शोधून सापडणार नाही.

३ मार्च, संध्याकाळ
विषय काढला. फक्त दोनदा.

७ मार्च
भीती वाटते. आईने विणायच्या सुया कपाटात ठेवल्या, आता पुरे म्हणाली आणि वर्षाच्या आत गेली. हे हिला सांगायचं नाही. उगाच घाबरेल.
दुपारी ही डोळे मिटून पडली होती. श्वास चालू आहे का ते पाहायला वाकलो.
"आहे अजून," डोळे न उघडता म्हणाली. "चहा टाका."

१२ मार्च, सकाळ
ही फिरायला गेल्यावर पिंप उघडलं. वास असा की नाक दाबून धरावं लागलं. वर तांबूस साय, खाली पिवळट-हिरवं पाणी. निळ्या रंगाचा पत्ता नाही. पिंप मेलंय. आधी काम मरतं, मग माणूस. आमच्या घरात हे एकदा झालंय.
देवाचं नाव घेतलं आणि दांड्याने भरपूर ढवळलं. तळाचा गाळ हाताने वर काढला.

१५ मार्च
रोज ढवळतो. पाण्यावर निळी झाक आली! देव आहे.
कामावर, ग्रंथालयात, साहेबांनी हात पाहिले. शाई सांडली म्हणालो. त्यांनी विचारलं, शाईत पोहायला गेला होतात का? सभासदांची तक्रार आहे की पुस्तकांवर निळे ठसे उमटतात. घरी मात्र गुपित शाबूत. जेवताना हातमोजे घालतो. खाजेवरचं औषध लावलंय असं हिला सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली, बोलली काहीच नाही. म्हणजे पटलं.

२० मार्च
पिंप गडद निळं! मेलेलं जिवंत केलं. आता पाहील आणि लगेच कामाला लागेल. मला मोठेपणा नको, पण तिने म्हटलंच तर नाही म्हणणार नाही.

२१ मार्च
दाखवलं. ही काठी बुडवून पाहत राहिली. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. नीळ धडधाकट असते तेव्हा पाणी पिवळट-हिरवंच असतं, कापड बाहेर काढलं की हवेत निळं होतं. दमलेलं पिंप झाकून ठेवलं की हळूहळू ताळ्यावर येतं. ते आलंच होतं. मी रोज ढवळून त्यात हवा घातली. आता पुन्हा पहिल्यापासून विश्रांती.
ती रागावली असती तर बरं झालं असतं. हातमोज्यांबद्दल म्हणाली, पहिल्या दिवशीच कळलं होतं, निळी कोपरं उघडीच होती.
मग माझ्या तोंडून आईचं, सुयांचं सगळं निघून गेलं. हिने माझा निळा हात हातात घेतला.
"अहो, मी मरत नाहीये. तुम्हाला वाटतं मी दिवसभर नुसती बसते. सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्हाला धीर देत असते मी. सगळी विश्रांती त्यातच जाते."


२२ मार्च
ही बहिणीकडे गेली. कधी येणार ते ठरवलेलं नाही. घराला आग लागली तरच फोन करा, असं बजावलंय.
निश्चय: फोन करणार नाही. भीती वाटली तर प्रार्थना करीन. एवढी वर्षं देवावर भरवसा ठेवला तो कशासाठी?

२३ मार्च, दुपार
प्रार्थना केली. पुन्हा केली. मग फोन केला.
मेहुणीने उचलला. "काय भावोजी, आग लागली का?"
नाही म्हणालो. ती बरी आहे ना, एवढंच विचारायचं होतं. मेहुणी म्हणाली, कालपासून एक शब्द न बोलता नुसती झोपतेय, कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती म्हणे. आत्ताही गाढ झोपली होती, फोनच्या आवाजाने उठली.
"आता उठलीच आहे, तर देऊ का तिच्याकडे?"
मी हो म्हणालो.