चारपैकी दोन

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. फक्त कामाचं.
काम असं: खाली आईच्या खाटेशी बेलची चार बटणं, तिथून चार वायरी जिन्याने वर माझ्या टेबलावर, टेबलावर चार दिवे. पाणी, चहा, गोळी, पंखा. आईचे गुडघे गेलेत, तिला हाका माराव्या लागू नयेत. दिवा लागला की मी फोन करतो सुलक्षणाला, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोला. ती नेऊन देते.
सुलक्षणा म्हणाली, दादा, स्वयंपाकघर आईंच्या खोलीला लागून आहे, त्या कुशीवर वळल्या तरी मला कळतं. म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्याच्या घरात हाका शोभत नाहीत.

५ फेब्रुवारी
भिंतीपलीकडे हबीबभाईंची पिठाची गिरणी. मोटर सुरू झाली की दिवे आपोआप लागतात. काल आईला चहावर चहा गेला. तिने सगळा प्यायला.
हबीबभाईंना सांगून पाहिलं. ते म्हणाले, ठीक आहे सर, चक्की बंद करतो, सगळ्या देवपूरला तुमच्या वायरी भाजून खायला द्या.
सहकार्य नाही. कोडच सुधारायला हवा.

८ फेब्रुवारी, रविवार
सापडलं! एकाऐवजी नेहमी चारपैकी दोन बटणं दाबायची. एखाद्या वायरीत खरखर शिरली तर दोनाचे एक किंवा तीन होतात, चूक लगेच पकडली जाते. शिवाय चार वायरींत सहा निरोप बसतात. जळगावच्या परिषदेत पेपर नक्की.
चूक पकडली की लाल दिवा आणि बझर. मग मी स्वतः खाली जाऊन वायरी तपासायच्या.
आईला पुठ्ठ्यावर चित्रं काढून दिली. पाचवा निरोप टीव्ही. सहावा काय ठेवू, विचारलं. म्हणाली, माले काही नको, तू घडीभर बठ ना. असा निरोप कोडमध्ये बसत नाही. 'खिडकी' ठेवला.

१२ फेब्रुवारी
चहा-पाणी बिनचूक. पण लाल दिवा फार लागतो. गिरणी बंद असतानाही. दर वेळी खाली जातो, वायरी ठाकठीक. आई खाटेवर सरकून जागा करते आणि दीपमालाचा विषय काढते. मी जॉइंट बघून वर येतो.
दीपमाला, माझी बायको, जाऊन या महिन्यात वर्ष होईल. तिच्याबद्दल इथे लिहायचं नाही, हे ठरलेलं आहे. तिचं कपाट उघडायचं राहिलंय, कारण सोल्डरिंगचं टेबल त्याच्यापुढे आहे.
आईने विचारलं, वर्षाच्या वंदनेचं भंतेजींना काय सांगू? म्हटलं, आधी वायरींतला नॉईज.

१७ फेब्रुवारी
मूळ सापडलं. गिरणीचा धक्का चारी वायरींना एकदम बसत असणार. म्हणून आता फरक मोजायचा: कोणत्या दोन वायरींचं व्होल्टेज बाकीच्या दोघींच्या वर आहे? चारी एकदम वर गेल्या तर फरक शून्य, म्हणजे काही झालंच नाही. लाल दिवा आणि बझर काढून टाकले. खाली धावणं बंद.
सुलक्षणाला समजावलं. ती म्हणाली, म्हणजे चौघं मिळून ओरडले तर तुम्हाला ऐकूच येणार नाही. म्हटलं, हीच तर खुबी. बघत राहिली. समजलं नसावं.

२० फेब्रुवारी
परवापासून एकदाही खाली जावं लागलं नाही. कोड यशस्वी. आई सारखी जिन्याकडे बघते, असं सुलक्षणा म्हणते. गुडघ्यांमुळे असेल.
रविवारी भंतेजी येणार, घरच्या घरी वंदना. बसणारच आहे. ते आले की बटण दाब, असं आईला सांगितलं. कोणतं, ते सांगायचं राहिलं. सांगीन.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
पांढरा शर्ट इस्त्री करून तयार. दिवा लागला की निघायचं. तोवर शेवटची चाचणी. मोबाईल बंद, त्याचीही खरखर नको. हबीबभाईंनी आज आपणहून गिरणी बंद ठेवली. दीपमाला त्यांच्याकडेच दळण टाकायची.

तासाभराने: अप्रतिम. चारी वायरींवर पुन्हा पुन्हा धक्का येतोय, लॅपटॉपवर आलेख दिसतोय आणि कोड प्रत्येक धक्का गाळून टाकतोय. टेबलावर एकही दिवा नाही. गिरणी बंद असताना धक्का कुठून येतो, ते पुढे तपासायचं.

२२ फेब्रुवारी, दुपार
सुलक्षणा वर आली. वंदना झाली. भंतेजी बराच वेळ थांबले, पण त्यांना पुढे साक्रीला जायचं होतं. ती आधीच बोलवायला येत होती, आईने अडवलं. तू नको जाऊ, तो येसच, म्हणाली.
खाली गेलो. फोटोपुढची मेणबत्ती संपत आली होती. हबीबभाई कोपऱ्यात बसून होते. उठताना म्हणाले, सर, मी तर चक्की बंद ठेवली होती.
आईला विचारलं, पुठ्ठ्यावर चारी बटणांचा निरोप आहे का कुठे? ती म्हणाली, दोन दाबं का चहा येस. चारी दाबं का तू येस.
खाटेवर तिने जागा केलेलीच होती. बसलो. दीपमाला चहात गवती चहा कशी जास्त टाकायची, ते ती सांगत राहिली. मला माहीत होतं. तरी ऐकलं. जॉइंट बघितले नाहीत.
मी शेजारी होतो तरी तिचा पंजा चारी बटणांवर दाबलेलाच होता. वर एकही दिवा लागला नसणार. सर्किटमध्ये काही दोष नाही.